खटपट्यांचा विडा

राऊतआळीत साखरपुडा कुणाच्याही घरचा असो, शेवटी तबकात एक विडा उरायचाच.

विडा उरणं म्हणजे काय, हे आळीबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आगाशीच्या अलीकडे केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांत वसलेली ही आळी. घरं पस्तीस आणि पस्तीसही राऊतांची. त्यात काशिनाथ राऊत तिघे, एकनाथ राऊत चौघे. टपालवाल्याने नोकरी सोडायची तेवढी बाकी होती. म्हणून प्रत्येक घराला घरनाव. कुणी चिंचेखालचे, कुणी तिठ्यावरचे, कुणी पणजोबांच्या मिश्यांवरून मिशाळ. साखरपुड्यात मुलीची ओटी भरली की आळीचे वडीलधारे एकनाथतात्या विड्यांचं तबक पुढ्यात ओढायचे आणि एकेक घरनाव खणखणीत पुकारायचे. नाव आलं की त्या घरच्याने उठायचं, दोन्ही हातांनी विडा घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि जागेवर जाऊन बसायचं. पान वाडीतलं, सुपारीही वाडीतलीच, तेव्हा किमतीने म्हणाल तर काहीच नाही. पण एखाद्या घराचा विडा चुकून राहिला, तर दोन-दोन पिढ्या बोलणं बंद व्हायचं.

आणि पुकारूनही न उठणारं घर एकच होतं. तात्या म्हणायचे, "खटपटे!" की मांडवाच्या कडेला बसलेला काशिनाथ राऊत आधी बायकांच्या घोळक्याकडे बघायचा. तिथून त्याची बायको सावित्री डोळे असे वटारायची की अर्धवट उठलेला तो पुन्हा खाली बसायचा. चार जण खोकायचे, दोघं-तिघं हसायचे, तात्या पुढचं नाव घ्यायचे. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

काशिनाथला स्वतःला त्याचं काही वाटत नसे. "अगो, विडा तर खरा असतो ना?" तो घरी येऊन म्हणायचा. "पान कदाचित आपल्याच वेलीचं असेल."

"पान आपलं, पण नाव आपलं नाही," सावित्री म्हणायची. "खटपटे म्हणून पुकारलेला विडा या उंबऱ्याच्या आत आला, तर मी माहेरी जाईन."

तिचं माहेर बोळिंजला, म्हणजे पायी अर्ध्या तासावर. त्यामुळे ही धमकी ती केव्हाही खरी करू शकत होती, आणि काशिनाथला ते ठाऊक होतं.

तिचं दुखणं खोटं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा हे घर होतं 'बावखलवाले'. आळीतलं सगळ्यांत मोठं बावखल यांच्या वाडीत. उन्हाळ्यात गावच्या विहिरी तळाला गेल्या तरी या तळ्यासारख्या खोल खड्ड्यात पाणी असायचं, आणि सासरे ते कुणाला नाही म्हणत नसत. तिच्या बापाने चारचौघांत छाती काढून सांगितलं होतं, मुलगी बावखलवाल्यांकडे दिली. पाण्यासारखं पवित्र नाव ते. आणि ते बुडालं कुठे, तर त्याच बावखलात.

झालं ते असं. लढाईचं दुसरं-तिसरं वर्ष होतं. रहाटाच्या माळेला मातीचे लोटे असतात, ते फुटतात. काशिनाथच्या डोक्यात आलं की लोट्यांच्या जागी रॉकेलचे डबे कापून बांधले तर फुटायचा प्रश्नच नाही. पंधरा दिवस तो डबे कापत बसला. रहाट जुंपायच्या दिवशी सगळी आळी बघायला जमली. रेड्याने पहिला फेरा घेतला आणि चाळीस डब्यांनी असा काही गजर केला की देवळातला नगारा परवडला. त्या रेड्याने जन्मात असा आवाज ऐकला नव्हता. तो उधळला, जू मोडलं आणि रेडा, माळ, डबे सगळं बावखलात. रेड्याला बाहेर काढायला बारा माणसं आणि संध्याकाळ लागली. दोर ओढता ओढता कुणीतरी म्हणालं, "ओढा रे, खटपट्याचा रेडा आहे, जड असणारच." पुढच्याच साखरपुड्याला तात्यांच्या तोंडून तेच नाव गेलं. लोकांना काय, दुसऱ्याचा रेडा पाण्यात पडला की नाव ठेवायला मोकळे.

तसा शब्द वाईट नाही. सारखं काहीतरी करून बघणारा, गप्प न बसणारा माणूस म्हणजे खटपट्या. पण आळीत तो ज्या सुरात म्हणायचे त्यात हसू आधी यायचं आणि शब्द मागून.

बरं, माणसाने एकदा हात पोळल्यावर शहाणं व्हावं की नाही? काशिनाथ झाला नाही. स्वराज्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी तो सुकेळ्यांच्या मागे लागला.

आगाशीकडची सुकेळी ज्याने खाल्ली त्याला सांगायला नको. राजेळी केळी पेंढ्यात पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात घालायची, रोज संध्याकाळी गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. सहा-सात दिवसांत केळं आकसतं, मधाच्या रंगाचं होतं, त्याला स्वतःचाच पाक सुटतो. पण त्या सहा-सात दिवसांत आभाळ आलं की संपलं. बुरशी धरते, वास येतो, आणि वर्षभर जपलेले केळ्यांचे लोंगर उकिरड्यावर जातात. सगळे कपाळाला हात लावून म्हणायचे, देवाची मर्जी. काशिनाथ म्हणायचा, "देवाची मर्जी असू दे, पण ऊन झाकून ठेवता आलं तर?"

नंदाखाल गावचा मार्सेल सुतार त्याचा जुना दोस्त. त्याने आगाशीतल्या एका पडीक बंगल्याच्या खिडक्यांच्या काचा मिळवल्या आणि दोघांनी मिळून एक पेटी केली. लांबीला माणूसभर, वर तिरपी काच, आत काळं रंगवलेलं, मधे बांबूच्या काड्यांची जाळी. ऊन आत जाईल, वारा-पाऊस-माशी बाहेर राहील. ऐकायला किती बरं वाटतं! पहिल्या वर्षी केळी सुकली नाहीत, उकडली. दुसऱ्या वर्षी ती आंबली. आंबलेली केळी टाकवेना म्हणून काशिनाथने रेड्याला घातली. हाच तो रेडा, बावखलातला. त्याला अशी चढली की तो भर आळीत आडवा होऊन पडला आणि तिठ्यावरच्यांच्या नवरदेवाची वरात वळसा घालून न्यावी लागली. तिसऱ्या वर्षी मुंग्या लागल्या. चौथ्या वर्षी काय झालं ते काशिनाथने कुणाला सांगितलंच नाही, पण वास सगळ्यांना आला.

"खटपट्या, यंदा काय शिजवणार?" लोक विचारायचे.

"बघू या ना," तो हसून म्हणायचा. त्या 'बघू या ना'चा सावित्रीला जेवढा राग यायचा तेवढा लोकांच्या हसण्याचाही येत नसे. कारण आता मुलगी, मंदा, अठरा वर्षांची झाली होती.

त्या वर्षी फाल्गुनात वरच्या अंगाच्या गावांतून माणसं मंदाला बघायला यायची होती. सावित्रीने पुरण घातलं, ओटी सारवली, मंदाला स्वतःची हिरवी साडी नेसवली. बारा वाजले, एक वाजला. दोन वाजता कळलं की माणसं येऊन गेली सुद्धा. त्यांनी तिठ्यावर विचारलं, काशिनाथ राऊतांचं घर कुठलं. तिठ्यावरच्याने विचारलं, कुठला काशिनाथ, खटपट्या का? मग रेडा आला, डबे आले, दारू प्यायलेला रेडा आला. पाहुणे पोट धरून हसले आणि हसत हसतच स्टेशनच्या वाटेला लागले.

सावित्रीने पुरणावर झाकण ठेवलं. मंदाला म्हणाली, "साडी बदल." मग कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि परसात गेली. आज ती पेटी राहणार नव्हती.

काशिनाथ वाडीत होता. पेटी उन्हात होती आणि आत पाचव्या वर्षाची पहिली केळी मांडलेली होती. सावित्रीने मुसळ डोक्यावर उचललं. आणि ते तसंच राहिलं. काचेच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब धरले होते. ते काचेवरून ओघळत होते आणि टपटप केळ्यांवरच पडत होते.

वीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईला ते वेगळं समजवावं लागलं नाही. भाताच्या तपेल्यावर घट्ट झाकण ठेवलं की वाफ वर जाते, झाकणाला लागते आणि पाणी होऊन आतच गळते. केळं सुकतं म्हणजे त्यातलं पाणी बाहेर निघतं. निघालेल्या पाण्याने जायचं कुठे? चार वर्षं नवऱ्याने आणि मार्सेलने ऊन आत कोंडायचा विचार केला. पाणी बाहेर काढायचा विचार दोघांनाही शिवला नव्हता. भात शिजवतात का पुरुष!

रागाला तर वाट हवीच होती. तिने मुसळ काचेवर न घालता पेटीच्या मागच्या फळीवर घातलं, वरच्या बाजूला. दोन घावांत ढलपा उडाला. मग ती पुढे आली आणि खालच्या फळीत तसंच एक भगदाड पाडलं. चुलीतसुद्धा विस्तव पेटतो तो खालून वारा लागतो आणि वर कौलांतून धूर निघतो म्हणून. घाम पुसत ती पायरीवर बसली आणि मग मात्र तिला रडू आलं.

काशिनाथ आला तेव्हा ती तिथेच होती. तिठ्यावरची बातमी त्याला वाटेत कळली होती, त्याची मान खाली होती. त्याने पेटीकडे पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"मी. फोडणारच होते."

त्याने वरच्या भोकापाशी हात नेला. आतून कढत, ओलसर वाफ हाताला लागत होती. काचेवरचे थेंब निम्मे गेले होते. तो कितीतरी वेळ हात तसाच धरून उभा राहिला, मग तिच्या शेजारी पायरीवर येऊन बसला.

"सावित्री," तो म्हणाला, "खटपट्या मी नुसता नावाचा गो."

"मला ते नाव लावू नका," ती म्हणाली. पण उठून गेली नाही.

त्या दिवसापासून पेटी दोघांची झाली. भोकं किती मोठी हवीत, यावर दोघं भांडली. माश्या येतात म्हणून तिने जुन्या धोतराचं फडकं लावलं. मुंग्यांसाठी चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, दुधाच्या भांड्याखाली ठेवतात तशा. आणि वैशाखात, आळीतल्या प्रत्येक मांडवावर केळी पसरलेली असताना, अवेळी आभाळ भरून आलं. चार दिवस मधूनमधून सरी आणि मधूनमधून तास-दोन तास ऊन. मांडवावरचं ऊन आधीच्या सरीचं पाणी वाळवण्यातच संपायचं. पेटीतल्या केळ्यांना मात्र मिळेल तेवढं ऊन कामी आलं. आठव्या दिवशी सगळ्या आळीत आंबूस वास सुटला होता, आणि खटपट्याच्या परसात पेटी मधाच्या रंगाच्या सुकेळ्यांनी भरली होती.

सगळ्यांत मोठा मांडव एकनाथतात्यांचा नासला होता. ते काठी टेकत आले, पेटीपाशी उभे राहिले. सावित्रीने केळीच्या सोपटावर दोन सुकेळी ठेवून त्यांच्यापुढे धरली. तात्यांनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, बोटं चाटली.

"गोड आहेत," ते म्हणाले. मग काठीने पेटी दाखवून, "माप देशील का रे, काशिनाथ?"

"माप कशाला, पेटीच न्या," काशिनाथ म्हणाला. कुणालाही नाही म्हणायची या घराची रीत नव्हती. पाणी होतं तेव्हा पाणी दिलं, आता पेटी दिली. मार्सेलला तर पावसाळाभर दुसरं काम उरलं नाही. आगाशी झाली, निर्मळ झालं, पार खाडीकडच्या गावांतून लोक पेट्या करून घ्यायला लागले.

दिवाळीच्या सुमाराला ठाण्याहून शेतकी खात्याचे एक अधिकारी आले. शाळेच्या अंगणात सभा भरली. त्यांनी काशिनाथच्या गळ्यात हार घातला आणि जाड कागदाचं, सोनेरी काठाचं एक प्रशस्तिपत्र वाचून दाखवलं. "प्रयोगशील बागायतदार श्री. काशिनाथ राऊत यांसी." टाळ्या झाल्या. पण शब्द नवा होता, आणि तात्यांना न समजलेलं काही पुढे जाऊ द्यायची सवय नव्हती.

"प्रयोगशील म्हणजे काय हो, साहेब? नाटकाचे प्रयोग असतात तसं काही?"

साहेब माणूस भला होता. हसून म्हणाला, "नाही, आजोबा. जो चाललंय तसं चालू देत नाही, नवीन काही करून बघतो, एकदा फसलं तरी पुन्हा करून बघतो, तो प्रयोगशील."

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे खटपट्याच की!"

सगळं अंगण हसलं. साहेबही हसला, काशिनाथ तर सगळ्यांत मोठ्याने. एकटी सावित्री हसली नाही. सोनेरी काठाचा शब्द हाती येऊन पुरती एक घटका झाली नाही, तोवर या मेल्यांनी त्याला ओढून त्याच चिखलात आणलं होतं.

तिने ते प्रशस्तिपत्र काचेत बसवून घेतलं. येईल त्याला दिसेल असं ओटीवर लावलं. आणि मंदाचं जमल्यावर ती एकटी तात्यांच्या ओटीवर गेली. हो, मंदाचं जमलं होतं. केळव्याचे एक बागायतदार पेटी बघायला म्हणून आले होते, त्यांना पाणी द्यायला मंदा बाहेर आली, आणि ते पेटी आणि सून दोन्ही ठरवून गेले. मुलगा शरदचंद्र, तिकडच्याच शाळेत मास्तर.

"तात्या," डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, "माझ्या मुलीच्या साखरपुड्याला तरी ते नाव नको. आता सरकारने नाव दिलंय. तेच पुकारा."

तात्यांनी सुपारी कातरता कातरता अडकित्ता खाली ठेवला. "आळीने दिलेलं नाव मी एकट्याने कसं काढू, गो?" ते म्हणाले. "पण तुझी दोन सुकेळी खाल्लीत मी. पुकारीन."

सावित्री वाटभर हलक्या पावलांनी आली. अकरा वर्षांचा काटा निघाला होता. निदान तिला तसं वाटलं.

साखरपुड्याला तीन दिवस राहिले असताना दारात एक बाई उभी राहिली. काळीसावळी, गुडघ्यापर्यंत लुगडं, डोक्यावर टोपली. खाडीकडच्या भातशेतीच्या गावातली. चालून चालून पायांवर धूळ बसलेली.

"खटपट्याचा घर ह्योच का?" तिने विचारलं.

सावित्रीच्या कपाळाला आठी पडली. "काशिनाथ राऊतांचं घर आहे हे. प्रयोगशील बागायतदार."

"तो कोन?" बाई गोंधळली. "मना खटपट्याकडं जायाचा हाय. मी जिजा. लय लांबून आयलू."

मंदा आतून पाणी घेऊन आली. जिजाने तांब्या रिकामा केला, टोपली उतरवली आणि वरचं फडकं काढलं. आत तांदळाचे पापड होते, पांढरेशुभ्र, आणि एका पुडीत सुकवलेली करंदी, म्हणजे बारीक कोळंबी.

"ह्ये पावसान सुकवलेलं हायेत," ती म्हणाली. तिचा आवाज असा, जणू सोनं दाखवते आहे. "भर आषाढान! आमचे गावान असा कवा झाला नवता. तुमचे त्या सुताराशी आम्ही खटपटी करून घेतली."

"काय करून घेतली?"

"खटपटी. ती काचेची, भोकांची. आमचे गावान आता पाच घरांनी खटपटी हायेत. सगल्या बाया बोलतान, गो, आज आभाल हाय, खटपटीन घाल." तिने टोपली पुढे सरकवली. "माजा सासरा बोलला, ज्याचा नाव रोज घेतो त्याला एकदा बघून तरी ये. म्हून आयलू. ती भोका कोनी काढली? सुतार बोलला, खटपट्याचे बायकोनी."

सावित्रीने पापड हातात घेतला. पातळ होता, कुठे डाग नाही, कडा उललेल्या नाहीत. कुठल्या तरी लांबच्या गावात, तिने कधी न पाहिलेल्या बायका सकाळी आभाळाकडे बघून हे नाव घेत होत्या. आणि त्यात हसू नव्हतं. तवा म्हणावं, सूप म्हणावं, तसं साधं कामाचं नाव.

"मीच काढली," ती म्हणाली. "मुसळाने."

"मुसलानी!" जिजा खो-खो हसली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच सावित्रीही त्या नावाशेजारी बसून हसली.

जिजाला तिने जेवल्याशिवाय सोडलं नाही. टोपलीत सुकेळी भरून दिली, राजेळीचा एक मुनवा, म्हणजे कोंब, दिला, लावायला. ती गेल्यावर सावित्री ओटीवर उभी राहून काचेतलं प्रशस्तिपत्र वाचत राहिली. चांगला शब्द होता. पण त्यात आठवा दिवस तेवढा होता. उकडलेली केळी नव्हती, आंबलेली नव्हती, मुंग्या नव्हत्या, बावखलातला रेडा नव्हता. पाहुणे हसत परत गेले ती दुपार नव्हती, मुसळही नव्हतं. ते सगळं ज्या नावात होतं ते नाव तिने अकरा वर्षं दाराबाहेर उभं केलं होतं.

"आय," मागून मंदा म्हणाली, "सासरी मला कोणाची म्हणून विचारलं तर काय सांगू?"

"तुला काय सांगावंसं वाटतं?"

मंदा हसली आणि आत पळाली. सावित्रीला उत्तर कळलं.

साखरपुड्याच्या दिवशी मांडव भरला होता. केळव्याची मंडळी, आळीतली पस्तीस घरं, कोपऱ्यात नवा कोट घातलेला मार्सेल. मंदाची ओटी भरली. तात्यांनी तबक पुढे ओढलं. चिंचेखालचे उठले, तिठ्यावरचे उठले, मिशाळ उठले. मग तात्यांनी घसा साफ केला आणि पाठ केलेलं नाव एका दमात म्हटलं.

"प्रयोगशील बागायतदार, काशिनाथ राऊत!"

कुणी खोकलं नाही, कुणी हसलं नाही. काशिनाथने सवयीने बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. आज डोळे वटारलेले नसतील, आज मान हलेल, अशी त्याची खात्री होती. पण सावित्रीने मान हलवली नाही. ती स्वतःच उभी राहिली. आळीत बायको विड्याला उठल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिला अडवायचं कसं हेही कुणाला सुचलं नाही. ती सगळ्यांमधून वाट काढत तबकापाशी आली.

"तात्या, चुकलं माझं. ते नाव भिंतीवर आहे, तिथे शोभतं. मांडवात आमचं आहे ते पुकारा."

"कुठलं, गो?" तात्यांनी विचारलं. म्हातारा लबाड, त्याला नीट कळलं होतं.

"आळीने दिलंय ते. मुलगी सासरी चालली आहे, कुठल्या घरची ते व्याह्यांना कळू दे."

तात्यांनी छाती भरून श्वास घेतला. आयुष्यात त्यांनी एवढ्या मोठ्याने कुठलंच घर पुकारलं नसेल.

"खटपटे!"

"आहोत!" सावित्री म्हणाली. तिने दोन्ही हातांनी विडा घेतला, कपाळाला लावला. तिकडे काशिनाथ उपरण्याने डोळे पुसत होता आणि मार्सेल त्याच्या पाठीवर थापा मारत होता. केळव्याचे व्याही शेजाऱ्याला अभिमानाने सांगत होते की पेटी हिनेच केली, आमच्या विहीणबाईंनी.

सावित्री मात्र तबकासमोरून हलली नाही.

"आता काय?" तात्या म्हणाले.

"मागच्या अकरा वर्षांचे?"

मांडवात हशा पिकला. तात्यांनी हात जोडले. "ते विडे आता कुठून आणू, बाई? ते केव्हाच सुकून गेले!"

"सुकवायचं तुम्ही आम्हांला सांगू नका, तात्या," सावित्री म्हणाली, आणि ताठ मानेने विडा घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसली.